साकवाच्या वाटेवरची काटी

महाडहून पोलादपूरला हायवेला न लागता जाता येतं असं मी म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे. मी आणि माझा मित्र सहा वर्षं दर रविवारी त्या वाटेने सायकलवर गेलो आहोत. हायवे एकदाच आडवा येतो आणि तिथेही आपण पुलाखालून जातो. वर ट्रक धडधडत असतात, खाली सावलीत म्हशी बसलेल्या असतात. बाकीची सगळी वाट सावित्रीच्या कडेने, खाचरांच्या बांधांवरून, ऐन-किंजळीच्या रानातून आणि रस्ता चौपदरी करताना बाजूला पडलेल्या जुन्या डांबरी तुकड्यांवरून जाते. त्या तुकड्यांवर आता लोक भात वाळत घालतात. मधली पांढरी रेघ मात्र अजून दिसते.

आता मी या वाटेने एकटा जातो. त्याला कारण मीच आहे, आणि ते मी पहिल्यांदाच नीट लिहून काढतो आहे.

मी महाडच्या कोर्टात कारकून होतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याला शपथ द्यायची, हे काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, हे मी इतक्या लोकांकडून वदवून घेतलं आहे की झोपेतही म्हणेन. माणूस खोटं कसं बोलतो ते मी रोज चार हातांवरून पाहायचो. सराईत साक्षीदार सरळ खोटं बोलतच नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो अगदी बरोबर देतो आणि बाकीचं गिळतो. दुपारच्या चहाला आम्ही कारकून अशा लोकांची नक्कल करून हसायचो.

माझा मित्र एसटीत ड्रायव्हर होता. आंबेनळीच्या घाटातून महाबळेश्वरची गाडी न्यायची, आणायची, यात त्याचा जन्म गेला. आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. सकाळी चवदार तळ्याच्या बाजूने फिरायला जाताना ओळख झाली. मी झपझप चालायचो, तो रमतगमत. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "भाऊसाहेब, चालून गुडघे झिजवतोस कशाला? सायकल घे." कोर्टातल्या कारकुनाला सगळे भाऊसाहेब म्हणतात, पण भाऊसाहेब म्हणून वर अरे-तुरे करणारा हा पहिलाच. मला राग आला आणि त्याच आठवड्यात मी सायकल घेतली.

त्याने स्वतःच्या सायकलची घंटी काढून टाकली होती. "तीस वर्षं हॉर्न वाजवला. आता कुनाला बाजूला हो म्हनायचं नाय," असं म्हणायचा. जिथे मागून गाडी येणार नाही, पुढून येणार नाही, असाच रस्ता त्याला हवा होता. तसे रस्ते त्याला ठाऊक होते, कारण त्याची वाडी पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी, आणि लहानपणी तो महाडला चालत यायचा. कुठला बांध कुठे फुटतो, कुठली दगडी पायऱ्यांची पाखाडी कुठल्या देवळामागे उतरते, नदीला उन्हाळ्यात कुठे पाय टेकतो, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. ते मी कागदावर उतरवलं. वाट त्याची, नकाशा माझा. त्याच्या झेरॉक्स काढून मी वीर स्टेशनबाहेरच्या चहावाल्याकडे ठेवायचो. मुंबईहून सायकली घेऊन उतरणारे लोक त्या घेऊन जायचे. वर मी ठळक अक्षरात लिहिलं होतं: गाड्या नसलेली वाट.

माझा स्वभाव मला ठाऊक आहे. मला व्यवस्थितपणाचं वेड आहे, आणि सायकलवर बसल्यापासून ते वेड एका गोष्टीवर येऊन ठेपलं: पंक्चर. वाटेत पंक्चर झालं की माझा दिवस जायचा. म्हणून शनिवारी दुपारी मी एकटाच अर्धी वाट जाऊन यायचो. करवंदीची फांदी, बोरीचा काटा, बाटलीची काच, जे दिसेल ते उचलून बाजूला फेकायचो. रविवारी वाट लख्ख. मित्र चिडवायचा, "कोर्टात फायली झाडल्या, आता रान झाडतोय." चहावाल्यालाही त्याने हे सांगून ठेवलं होतं. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट थोडा अभिमानच होता.

आता साकवाबद्दल सांगायला हवं. त्याच्या वाडीच्या अलीकडे एक ओढा आहे. ओढ्यावर पूल नाही, साकव आहे. दिवाळीनंतर पाणी उतरलं की वाडीतले लोक ऐनाचे दोन वासे या काठावरून त्या काठावर टाकतात, वर फळ्या बांधतात, आणि उन्हाळाभर सगळी ये-जा त्यावरून होते. पावसाच्या तोंडावर वासे-फळ्या काढून देवळाच्या पडवीत रचून ठेवतात. काढल्या नाहीत तर पहिल्याच पुरात वाहून जातात. हे काम दरवर्षी एका घराकडे असतं. त्याला ते पाळी म्हणतात. आणि पाळीचा एक नियम आहे, तो वाडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो: आधी काटी, मग फळी. म्हणजे पहिली फळी सुटायच्या आधी दोन्ही बाजूंच्या वाटेवर काटेरी फांद्या आडव्या टाकायच्या. त्याही साकवाजवळ नाही, वर, जिथे वाट फुटते तिथे. डोक्यावर भारा घेऊन उतरणाऱ्या बाईला पायाखालचं दिसत नाही. तिला वरच कळायला हवं की खाली आता साकव नाही.

हा नियम मला ठाऊक नव्हता, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत आलो.

आमच्या बाजूने आलं की एका आंब्याखाली वाट फुटते. उजवीकडे लांबचा रस्ता, टेकाडाला वळसा घालून पोलादपूरकडे जाणारा. डावीकडे साकवाचा उतार. तीसेक पावलं करवंदीच्या जाळीतून जाऊन वाट एकदम वळते, आणि वळल्या वळल्या साकव. माझा मित्र त्या उतारावर ब्रेक सोडून द्यायचा. सायकल फळ्यांवरून गेली की खडखडाट व्हायचा. तेवढा एक आवाज त्याला आवडायचा. तो ऐकून वाडीत त्याच्या धाकट्या भावाला कळायचं की दादा आला, आणि आम्ही चढ चढून जाईपर्यंत चहा ठेवलेला असायचा. धाकटा भाऊ गावीच राहून भात-नाचणी करतो. दादापुढे तो कधी खाटेवर बसलेला मी पाहिला नाही. उंबऱ्यावर बसायचा आणि दादाकडे बघत राहायचा.

त्या वर्षी पाळी धाकट्या भावाकडे होती.

जूनचा पहिला शनिवार. पाऊस अजून लागला नव्हता, आभाळ मात्र गच्च होतं. नेहमीप्रमाणे मी वाट झाडत झाडत आंब्याखाली आलो. डाव्या वाटेवर शिकेकाईच्या फांद्या आडव्या पडल्या होत्या, हातभर रुंद, काट्यांनी भरलेल्या. शिकेकाईचा काटा टायरमधून आरपार जातो. माझ्या मनात आलं, भाताच्या रोपांच्या राबाला कुंपण घालायला कुणीतरी नेत असेल, भाऱ्यातून पडलं असेल. मी रुमाल हाताला गुंडाळला आणि सगळं उचलून जाळीत लांब फेकून दिलं. उतारावर गेलो नाही. अंधारून आलं होतं, म्हणून तिथूनच मागे वळून घरी आलो. हाताला दोन ठिकाणी ओरखडे होते. बायकोने हळद लावली.

रविवारी सकाळी मित्र पुढे होता. आंब्याखाली माझी चेन उतरली म्हणून मी थांबलो. त्याने उतरायच्या आधी डाव्या वाटेकडे एकदा नीट पाहिलं, एवढं मला आठवतं. वाट मोकळी होती. एखादा शहरातला पाहुणा असता तर नवख्या उतारावर त्याने ब्रेक दाबले असते. पण हा तिथलाच. काटी नाही म्हणजे साकव आहे, हे तो चालायला लागल्यापासून शिकला होता. त्याने ब्रेक सोडले.

मी चेनकडे बघत खडखडाटाची वाट पाहत होतो. तो आलाच नाही. सायकल दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही.

ओढा दीड पुरुष खोल आहे. तो खाली धोंड्यांवर पडला होता, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. मी कसाबसा उतरलो. त्याचे डोळे उघडे होते. तो पहिलं वाक्य बोलला ते पायाबद्दल नव्हतं. तो म्हणाला, "भाऊसाहेब, काटी नव्हती रे."

तेव्हा मला कळलं. त्याच क्षणी, सगळंच. हाताचे ओरखडे अजून ताजे होते. मी हात मागे घेतला.

माझ्या हाका ऐकून वाडीतून माणसं धावत आली. धाकटा भाऊ सगळ्यांच्या पुढे. तो दादाजवळ बसला, त्याच्या डोक्याखाली हात घातला. दादाने तो हात झिडकारला.

"काटी का नाय घातलीस?"

"घातली व्हती दादा. काल सकाळीच घातली व्हती. मंग फळ्या काढल्या."

"खोटा बोलू नको. मी बगून उतरलोय." मग माझ्याकडे मान वळवून तो म्हणाला, "हा कोर्टातला मानूस हाय. हा खोटा बोलनार नाय. भाऊसाहेब, तू सांग. काटी व्हती?"

दहा-बारा माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "आज नव्हती."

उत्तर अगदी बरोबर होतं. आज नव्हतीच. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या कुठल्याही सराईताने याहून चांगलं उत्तर दिलं नसतं. धाकटा भाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटतं, तो मनात हिशेब करत होता की आपण काटी खरंच घातली की घातल्यासारखं वाटलं. माणसाला असं स्वतःवरच शंका घ्यायला लावणं, हे मी त्या दिवशी केलं.

मित्राला डोलीतून वर नेलं, मग गाडीने महाडला, पुढे मुंबईला. खुब्याचं हाड मोडलं होतं. तीन महिन्यांनी तो काठी घेऊन परत आला. सायकल संपली होती.

वाडीत जे झालं ते मला मागाहून समजलं. गावकी म्हणजे वाडीची बैठक. ती बसली आणि धाकट्या भावाच्या घराची पाळी काढून घेतली. बाहेरच्या माणसाला ही शिक्षा क्षुल्लक वाटेल. पण ज्या घराला पाळी नाही त्या घराने बांधलेल्या फळीवर पाय ठेवण्याइतकाही कुणाचा विश्वास नाही, असा त्याचा अर्थ. त्या दिवाळीनंतर साकव बांधताना त्याला दगड वाहू दिले. फळ्यांच्या दोरीला हात लावू दिला नाही.

आणि दादाने त्याच्याशी बोलणं टाकलं. मोडलेल्या हाडापायी नाही. "चूक झाली म्हनला असता तर मी काय त्येला खाल्ला असता?" असं तो मला म्हणायचा. "पन तोंडावर खोटा बोलला. सगळ्यांसमोर." भाऊ दोनदा महाडला आला, दोन्ही वेळा दादाने आतून येऊ नको असा निरोप देऊन दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा आला नाही.

मी का बोललो नाही? सुरुवातीला भीती. त्याला कळलं तर, लोकांना कळलं तर. ती भीती काही महिन्यांत ओसरली असती. पण तोवर दुसरीच गोष्ट सुरू झाली होती, आणि ती मला सोडवेना.

मी दर रविवारी सकाळी त्याच्या घरी जायला लागलो. त्याची खाट खिडकीपाशी होती. वहिनी चहा आणून द्यायच्या आणि आत जायच्या. एकदा तो म्हणाला, "भाऊसाहेब, मला ने ना जरा." मी म्हणालो, कुठे? तर त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "तू सांगत जा. मी बसलोय सायकलवर." मग मी वाट सांगायला लागलो. घरातून निघालो, बाजार सुटला, नदी लागली. तो मध्येच विचारायचा.

"कुठं आलो?"

"पुलाखाली."

"म्हशी हायत?"

"तीन आहेत."

"मागल्या वेळेला चार व्हत्या. एक इकली वाटतं."

मी शनिवारी खरंच जाऊन बघून यायचो, त्याला खोटं सांगायला नको म्हणून. कुठे पळस फुलला, कुठे बांध फुटला, कुठल्या झाडावर धनेशाची जोडी बसली, सगळं लक्षात ठेवून आणायचो. बाकी सगळ्या गोष्टी मी त्याला तंतोतंत खऱ्या सांगितल्या. आंब्याखाली आलं की मी न विचारता उजवीकडे वळायचो, लांबच्या रस्त्याने. तोही काही बोलायचा नाही. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर पोचलो की तो डोळे उघडायचा आणि म्हणायचा, "बरं वाटलं." माझ्या आयुष्यात मी कुणाला इतका हवाहवासा वाटलो नव्हतो. सांगितलं असतं तर ते रविवार गेले असते. मी त्याचा भाऊ त्याच्यापासून तोडून ते रविवार माझ्यापाशी ठेवले. हे याहून चांगल्या शब्दांत मांडता येणार नाही.

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या दिवाळीनंतरचा एक रविवार. त्याला खोकला लागला होता, आवाज बसला होता. मी आंब्याखाली आलो आणि उजवीकडे वळणार, तेवढ्यात तो डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाला, "आज साकवावरून जाऊ."

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

"काटी हाय का?" त्याने विचारलं.

साकव नुकताच बांधून झाला होता. वाट मोकळी होती, मी आदल्याच दिवशी पाहून आलो होतो. नाही म्हणालो असतो तर तो उतारावर ब्रेक सोडून गेला असता, फळ्या खडखडल्या असत्या, वर वाडीत भाऊ उभा असता. तिथून पुढे मला गप्प राहता आलं नसतं. तेव्हाच सांगायचं होतं. सांगायला यापेक्षा सोपी जागा मला कुणी दिली नसती.

मी म्हणालो, "हाय."

त्याच्या बोलीत मी कधी बोलायचो नाही. त्या दिवशी का तसा शब्द आला कोण जाणे.

"मंग थांब," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याला झोप लागली. त्या रविवारी आम्ही पोलादपूरला पोचलो नाही.

माघात तो गेला. छातीत पाणी झालं होतं. एका जागी पडून राहिला म्हणून असं झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणतो.

वाडीचं मसण ओढ्याच्या अलीकडच्या काठावर आहे. त्याने मुलांना बजावून ठेवलं होतं की मला त्या घरात न्यायचं नाही, म्हणून गाडी महाडहून थेट तिथेच आणली. वाडीतले लोक साकवावरून येत होते, एकामागून एक. फळ्या वाजत होत्या. धाकटा भाऊ पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात चपला. साकव त्याच्या पायापाशी होता, चांगला उभा, बांधलेला. तो आला नाही. दादाने येऊ नको म्हटलं होतं आणि दादाचं त्याने कधी मोडलं नव्हतं. अग्नी दिला तेव्हा तो खाली बसला आणि त्याने कपाळ फळीला टेकवलं.

मी हे पाहिलं. मला तिथे ओरडून सांगावंसं वाटलं. मी लाकडं पुढे सरकवत राहिलो.

दिवसकार्य झाल्यावर मी धाकट्या भावाकडे गेलो. तो अंगणात कोयत्याला धार लावत होता. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, शनिवारपासून. तो धार लावत होता ते थांबला नाही. माझं संपलं तेव्हा त्याने कोयता बाजूला ठेवला.

"दादाला सांगितलंत?"

"नाही."

"मंग आता मला सांगून काय उपेग?"

मी जायला वळलो. तो मागून म्हणाला, "मला नका सांगू. गावकीत सांगा."

शिमग्याच्या आधी गावकी बसते, देवळाच्या पडवीत. वासे-फळ्या पावसाळ्यात जिथे रचतात तिथेच. मुंबईहून आलेले दोघे-तिघे होते, बाकी वाडीतले. मी उभा राहिलो. आयुष्यभर दुसऱ्यांना शपथ दिली, स्वतः असा कधी उभा राहिलो नव्हतो. मी सांगितलं की काटी यांनी घातली होती, ती मी काढली. पंक्चर होईल म्हणून काढली. भाऱ्यातून पडली असेल असं मला वाटलं.

मग खांबाशी टेकून बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "आनि दगड?"

मी तिच्याकडे वळलो.

"काटीवर दगड ठेवतात, वाऱ्यान हलू नये म्हनून. तो व्हता ना?"

"होता."

"त्येचा काय केलात?"

"तोही मी उचलला. बाजूला ठेवला."

भाऱ्यातून काटी पडते. दगड पडत नाही. हे मला त्या शनिवारी दगड हातात असतानाच कळलं होतं. कुणीतरी मुद्दाम ठेवलाय, असं मनात आलं होतं, आणि आभाळ भरून आलंय, विचारायला कुठे जा, उद्या टायर फाटेल, असंही आलं होतं. दोन्ही एकाच वेळी आलं आणि मी दगड खाली ठेवला. मित्राला, त्याच्या भावाला, बायकोला, स्वतःलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं. म्हातारीने एका प्रश्नात काढून घेतलं.

गावकीने धाकट्या भावाच्या घराला पाळी परत दिली. मला कुणी वाईट बोललं नाही. चहासुद्धा दिला.

भाऊ मला साकवापर्यंत सोडायला आला. ते मला अपेक्षित नव्हतं. तो पुढे, मी सायकल हातात धरून मागे. फळ्यांच्या मधोमध तो थांबला आणि पाण्याकडे बघत म्हणाला, "दादा खरा बोलला. काटी नव्हतीच. मी पन खरा बोललो. दोघं खरा बोलत व्हतो, आनि त्यो माज्याशी न बोलता गेला."

मग तो परत फिरला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही, आणि मीही तशी अपेक्षा ठेवत नाही.

मे महिन्यात नकाशाच्या प्रती संपल्या म्हणून वीरच्या चहावाल्याने निरोप पाठवला. मी नकाशा नव्याने काढायला बसलो. आंब्याजवळ जिथे वाट फुटते तिथे मी लिहिलं: इथे काटी आडवी दिसली तर सायकलवरून उतरा. उजवीकडच्या रस्त्याने जा. काटी काढू नका. मी काढली होती.

झेरॉक्सवाला ओळखीचा. त्याने कागद काचेवर ठेवून बघितला. म्हणाला, "भाऊसाहेब, अक्षर बारीक झालंय, जागा पुरत नाही. ही शेवटची ओळ काढू का? तिचा काही उपयोग दिसत नाही."

"राहू दे," मी म्हणालो.

परवा जूनचा पहिला रविवार होता. शनिवारी मी आता वाट झाडायला जात नाही. पंक्चर झालं तर होऊ दे. सकाळी निघालो, पुलाखाली दोनच म्हशी होत्या. आंब्याखाली पोचलो तेव्हा डाव्या वाटेवर शिकेकाईची काटी होती, ओली, ताजी, आणि तिच्यावर एकाच्या जागी तीन दगड. धाकट्या भावाची पाळी होती. मी उतरलो, सायकल बुंध्याला टेकवली आणि काटीसमोर जाऊन उभा राहिलो.

"काटी हाय," मी मोठ्याने म्हणालो.

थांब म्हणायला मागे कुणी नव्हतं. मी सायकल घेतली आणि लांबच्या रस्त्याने पोलादपूरला गेलो.